डंपर आमच्या हाती, घाई कोणाची?



‘बेदरकार डंपरचालक’ हे पत्र वाचले. वाघोली परिसरात खडी-क्रशसँड वाहणारा चालक म्हणून उत्तर देतो.

आमचा पगार थोडा, खरी कमाई खेपेवर. शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी. मग उरलेल्या तासांत खेपा उरकायच्या. जादा भाराचेही तसेच: मालाचा व्यवहार ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर. वजनकाटा मात्र टन मोजतो. भरलेला माल पावसात भिजला की वजन वाढलेच! जादा भाराला 2019 पासून 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. कायदा गाडी पाठवणाऱ्यालाही धरतो, पण रस्त्यावर सापडतो चालकच.

मालावर ताडपत्री न बांधणाऱ्यांना जरूर पकडा, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण वजनाची तपासणी खाणीच्या फाटकावरच करा आणि खेपेवरचा भत्ता बंद करून चालकाला पुरेसा पगार द्या.

— एक डंपरचालक, वाघोली (पुणे)