घर मोजले, वस्ती मोजायची राहिली

ठाकूरद्वार, फणसवाडी, झावबाची वाडी या टापूतील एखादे मराठी कुटुंब मुंबई सोडून पुण्यास जाण्याचा विचार करू लागले की प्रथम कागद-पेन्सिल बाहेर निघते. चाळीतल्या खोलीची पागडी किती येईल, तीतून मालकाचा हिस्सा किती जाईल, उरलेल्या रकमेत कोथरुडास दोन खोल्या बसतात की तीन, आणि थोडे पुढे बावधनकडे सरकल्यास गॅलरी मिळते की नाही, हा हिशेब रात्री जेवणे आटोपल्यावर मांडला जातो. तो बहुधा बिनचूक असतो. ज्या वस्तीच्या कित्येक पिढ्या बँकांत, विमा कंपन्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत खर्डेघाशी करण्यात गेल्या, तिला बेरीज-वजाबाकी शिकवावी लागत नाही. उणीव असते ती हिशेबाच्या रकान्यांत. त्यांत घर असते, वस्ती नसते.

या व्यवहारातील विसंगती जरा बारकाईने पाहण्याजोगी आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ देऊ लागला, तरी मूळ आकडाच इतका क्षुल्लक की त्यावरील चार टक्के ते काय असणार! त्यामुळे खोलीचे भाडे नाममात्र आणि पागडी मात्र लाखांच्या घरात, असा चमत्कार गिरगावात नांदतो. ही पागडी कशाची? फुगलेल्या भिंतींची, पोपडे धरलेल्या छताची आणि मजल्याच्या टोकाशी असलेल्या सामायिक शौचकूपाची किंमत कोणी लाखांनी देत नाही. घेणारा पैसे मोजतो ते पायी पाच-सात मिनिटांवर असलेल्या चर्नी रोड आणि मरीन लाइन्स या स्थानकांचे, चौपाटीच्या वाऱ्याचे, भुलेश्वरच्या बाजाराचे. म्हणजे गिरगावकर विकतो ती वस्ती, आणि तिचे पैसे हाती पडताच पुण्यात विकत घेतो ते क्षेत्रफळ. ज्या वस्तूची किंमत दुसऱ्याने रोख मोजली, तिला स्वतःच्या वहीत मात्र तो शून्य धरतो.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर ही वस्तू डोळ्यांस दिसते. येथील सत्तरीच्या गृहिणीला सकाळी दूध, भाजी, देवळातले दर्शन आणि डॉक्टरांकडील रक्तदाबाची तपासणी ही चारही कामे उरकण्यास वाहन लागत नाही. शिरोळकरांच्या नावाची चिकित्सक समूहाची शाळा, आर्यन शाळा, केळेवाडीतील साहित्य संघ, फणसवाडीतील विनय हेल्थ होमची मिसळ आणि प्रार्थना समाजाजवळचे मोठे इस्पितळ, असा सारा संसार एका चौरस मैलाच्याही आत मावलेला आहे. जवळच्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्यासाठी मांडव लागला, वर्गणी लागली हे खरे, पण त्याआधी एकमेकांच्या घरात चप्पल काढून शिरण्याची सवय लागली. रात्री दोन वाजता कोणाला छातीत कळ आली तर चाळीत दार ठोठवावे लागत नाही. गॅलरीतली हालचालच शेजाऱ्यास उठवते. ही सेवा कोणत्याही विकासकाच्या माहितीपत्रकात छापलेली नसते आणि म्हणून ती कोणी मोजतही नाही.

चाळीची ही आरती येथेच थांबविलेली बरी. साहित्यात चाळ जितकी रमणीय दिसते तितकी ती तेथे राहणाऱ्या बाईस कधीच वाटली नाही. पहाटे चारला येणारे पाणी भरण्यासाठी उठायचे तिने, सामायिक शौचकूपापुढील रांगेत अवघडून उभे राहायचे तिने, आणि नव्या सुनेने नवऱ्याशी बोलावयाचे ते पार्टिशनपलीकडे सासरे झोपी गेल्याची खात्री करून घेतल्यावर. शेजाऱ्याची तत्परता आणि शेजाऱ्याची चौकशी ही एकाच गॅलरीतून येतात. एक ठेवून दुसरी टाळण्याची सोय चाळीत नव्हती. तेव्हा गिरगाव सोडण्याचा आग्रह पुष्कळ घरांत प्रथम बायकांनीच धरला असल्यास त्यात नवल नाही, आणि त्यांना कृतघ्न ठरविणाऱ्या पुरुषांनी पहाटेच्या पाण्यास किती वेळा उठून पाहिले हेही एकदा विचारले गेले पाहिजे. सोडू नये, असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणासच नाही. प्रश्न आहे तो सोडताना काय कशाशी ताडून पाहावयाचे, हा.

गिरगावातून पुण्यास जाण्याची वाट नवी नव्हे. चौपाटीजवळ मार्च १८८९ मध्ये उघडलेले पंडिता रमाबाईंचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलले. त्याच्या मागोमाग, १८९१ मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झालेले आणि मुंबईत शिकवण्या करून संसार चालविणारे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पुण्यास गेले. रमाबाई गेल्या त्या संस्था घेऊन, कर्वे गेले ते कामासाठी, आणि दोघांनीही घर किती खोल्यांचे मिळते हे पाहून शहर निवडले नाही. पुढे प्लेगच्या धास्तीने कर्व्यांचा आश्रम शहराबाहेर न्यावा लागला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास जमीन दिली आणि १९०० मध्ये तेथे एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातील काम संपवून, आश्रमास लागणारे सामान बरोबर घेऊन कर्वे ते अंतर पायी तोडीत. वस्तीपासून तुटलेले घर म्हणजे काय, याचे माप त्यांच्या पायांनी घेतले होते. त्यांच्यापाशी त्यासाठी एक ध्येय होते. ते हिंगणे म्हणजेच आजचे कर्वेनगर. चाळीतील खोली विकून आलेला गिरगावकर आज ज्या सोसायट्यांची दारे ठोठावतो, त्यांतील कितीएक तेथे आणि शेजारच्या कोथरुडात आहेत. त्याच्यापाशी ध्येय नसते, निवृत्तिवेतनाचे पुस्तक असते. त्याचे अंतर कमी भरावे, एवढी अपेक्षा काही गैर नव्हे.

मुंबईकर बरा की पुणेकर, हा वाद पु. ल. देशपांड्यांनी विनोदाचा करून ठेवला आणि गामदेवीत जन्मलेले पु. ल. स्वतः पुण्यात स्थायिक झाले. त्या विनोदाने एक नुकसान मात्र केले. घर बदलणारा माणूस शहरांच्या स्वभावाची तुलना करीत बसतो. दुपारी दुकाने मिटतात काय, पत्ता विचारला तर उत्तर तिरके मिळते काय, याची चर्चा रंगते. वास्तविक तुलना शहराशी शहराची नसून मोहल्ल्याशी मोहल्ल्याची असावयास हवी. ठाकूरद्वारास पुण्यात जोड शोधावयाची तर ती सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेत सापडेल. तेथेही वाडा, चौक, कोपऱ्यावरचा वाणी, हाकेच्या अंतरावर मंडई आणि तुळशीबाग, भरत नाट्य मंदिरातला प्रयोग, आणि वरच्या मजल्यावरून खाली चाललेल्या संभाषणात भाग घेणारी आजी. पेठेतून कोथरुडास जाणे आणि गिरगावातून डोंबिवलीस जाणे, या एकाच जातीच्या हालचाली आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नदीकाठचे वाडे वाहून गेले आणि सहकारनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहतींत पेठांतील माणसे विखुरली. पाण्याने जे एका दिवसात केले ते भाऊबंदकीने, मोडकळीस आलेल्या लाकडी तुळयांनी आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींनी पुढील काही दशकांत सावकाश केले.

त्यामुळे कोथरुडच्या एखाद्या सोसायटीत गिरगावकर ज्या पुणेकर शेजाऱ्यास बिचकून असतो, तो शेजारीही पुष्कळदा आपला वाडा गमावून आलेला असतो. दोघेही पाहुणे आणि दोघेही यजमानाच्या प्रतीक्षेत! दरवाजे बंद असतात ते पुणेरी खाक्यामुळे, असा मुंबईकराचा समज होतो. दरवाजे बंद राहतात कारण ते उघडे ठेवण्यास निमित्त नसते. पाणी आपापल्या नळास येते, कपडे आपापल्या गॅलरीत वाळतात, मुलांची शाळेची बस फाटकाशी येते. चाळीने माणसांना एकत्र आणले ते प्रेमापोटी नव्हे, अडचणीपोटी. अडचण गेली की ओळख मुद्दाम करून घ्यावी लागते, आणि मुद्दाम ओळख करून घेण्याची कला गिरगावकराला कधी लागलीच नव्हती.

येथे वयाचा मुद्दा येतो आणि तो सर्वांत जड आहे. तिशीतले जोडपे पुण्यास गेले तर मुलाच्या शाळेच्या फाटकाशी, कचेरीच्या गाडीत, दोन-तीन वर्षांत त्यांची वस्ती तयार होते. परंतु गिरगावातील खोली विकली जाते ती बहुधा वडील निवृत्त झाल्यावर. नवी ओळख जोडण्याचे बळ ओसरलेले असते नेमक्या त्याच वयात जुन्या ओळखी मागे ठेवाव्या लागतात. त्यात पुणे हे दुचाकीचे शहर. चालविता येते त्याला पुणे लहान आहे, येत नाही त्याला ते फार मोठे आहे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र केल्या गेल्या, पण बसची वाट पाहण्याचा अनुभव त्यामुळे पालटला असे पुणेकरही म्हणत नाही. मार्च २०२२ पासून कोथरुडातील वनाज येथून मेट्रो सुरू झाली ही सोय खरीच. तथापि स्थानकापर्यंत पोहोचायचे ते रस्त्यानेच, आणि वाहने उभी केलेल्या पदपथावरून सत्तरीच्या माणसाने चालावे कसे, याचा विचार रस्ता रुंद करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. मुंबईची लोकल गर्दीने जीव काढते हे कबूल. परंतु ठाकूरद्वारच्या वृद्धाला दिवसच्या दिवस तिची गरजच पडत नाही.

घर पाहण्याची रीतही या दृष्टीने तपासावी लागेल. ते पाहिले जाते रविवारी सकाळी, विकासकाने वा मुलाने आणलेल्या मोटारीतून, बहुधा हिवाळ्यात, आणि पाहणारा असतो कर्ता पुरुष. जुलैतील पावसात, संध्याकाळी सातला, ज्या बाईला तेथे दिवसाचे चोवीस तास काढायचे आहेत तिने पायी भाजी आणून पाहावी. औषधाचे दुकान आणि देऊळ किती वळणांवर आहे हे तिच्या गुडघ्यांना विचारावे. तेवढ्यासाठी तिसरी खोली सोडावी लागली आणि पेठेजवळची जुनी, लिफ्ट असलेली दोन खोल्यांची जागा घ्यावी लागली, तरी हा सौदा तोट्याचा नव्हे. दुसरी खोली पाहुण्यांसाठी म्हणतात, तिसरीही पाहुण्यांसाठीच म्हणतात. पाहुणे मात्र मुंबईतच राहिलेले असतात.

अर्थात सर्वच जण स्वेच्छेने जातात असे नाही. मुंबईत १९६९ च्या कायद्यान्वये दुरुस्ती उपकर लागू झालेल्या जुन्या इमारती १९,६४२ होत्या. त्यांतील कितीएक पडल्या, कितीएक पाडल्या गेल्या. पुनर्विकासात रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांची जागा मिळावयाची, ही तरतूद चांगली आहे. परंतु ती जागा मिळेपर्यंतची वर्षे कोठे काढायची, आणि मनोरा उभा राहिल्यावर त्याच्या देखभालीचा मासिक आकार निवृत्तिवेतनात बसवायचा कसा, या दोन प्रश्नांपाशी पुष्कळ कुटुंबे हात टेकतात आणि पुण्याचा कागद बाहेर काढतात. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गासाठी गिरगाव आणि काळबादेवीतील इमारती हटविल्या गेल्या तेव्हा रहिवाशांनी त्याच परिसरात पुनर्वसन मागितले आणि तत्त्वतः ते मान्य झाले. घराच्या बदल्यात घर नको, वस्तीच्या बदल्यात वस्ती द्या, असेच त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. गिरगावचे स्थानक आज आहे. त्यातून उतरणारा गिरगावकर त्याच गल्लीत राहावयास जाणार की पाडव्याच्या शोभायात्रेपुरता कर्वेनगरहून येणार, हे ठरविणे शासनाच्या हाती बरेचसे आहे.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे आधी वर्षभर पुण्यात भाड्याने राहून पाहणे. अकरा महिन्यांचा करार सहज होतो. पण येथे कायदाच आडवा येतो. भाडे नियंत्रण कायद्यानुसार सबळ कारणाविना सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर मालकाला ती परत मागता येते, आणि मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला तरी तेच. म्हणजे चाचणीस अकरा महिने हवेत आणि कायदा देतो सहा! ज्या मालकाने पन्नास वर्षे जिन्याची फळी बदलली नाही तो कुलपाकडे मात्र बारीक लक्ष ठेवून असतो. तेव्हा निदान घरातील एकाने, मुलाने वा मुलीने, नोकरीच्या निमित्ताने ठाकूरद्वारच्या खोलीत राहावे, वीजबिल आणि भाड्याची पावती नियमाने फाडावी, आणि पागडीच्या कागदावर सही करण्याचा दिवस आई-वडिलांचा पुण्यातला पहिला पावसाळा उलटेपर्यंत पुढे ढकलावा.