उन्मळलेली झाडे आणि श्रमदानाचा हिशेब

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. २०२० मध्ये शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांवर नेली. ती पुरेशी होती काय, हा वादाचा विषय आहे. पण बागेला निदान सातबारा होता आणि पंचनाम्यासाठी मालक उभा होता. नदीकाठच्या करंज, उंबर, जांभळाला तोही आधार नसतो. ज्याला मालक नाही, त्याच्या हानीची मोजदादही नाही.

वस्तुतः या झाडांची किंमत मोठी आहे. त्यांची मुळे काठ धरून ठेवतात आणि पुराच्या पाण्याचा वेग रोखतात. झाडे गेली की काठ खचतो आणि ती माती पात्रात साचून पुढच्या पुराला वाट करून देते. मात्र झाड लावण्याचा खर्च वरच्या गावाने करायचा आणि लाभ खालच्या गावाला व्हायचा, असा हा व्यवहार असल्याने बाजाराच्या नियमाने तो कधीच घडत नाही. म्हणूनच अशा वेळी विद्यार्थ्यांचे आणि सेवाभावी मंडळींचे श्रमदान पुढे येते. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि श्रमदानाची शक्ती कोठे आहे आणि मर्यादा कोठे, हे ओळखणे अगत्याचे आहे. वादळानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ हात लागतात. मुळे अंशतः जमिनीत असलेले लहान झाड फांद्या छाटून, उभे करून, टेकू देऊन वाचवता येते. मुळे वाळली की ती संधी गेली. पडलेल्या झाडांची नोंद करणे आणि स्थानिक जातींचे बी गोळा करणे हीदेखील स्वयंसेवकांना साधणारी कामे होत. परंतु रोप लावल्यानंतरचे तीन उन्हाळे पाणी, कुंपण आणि राखण कोण करणार? उत्साह एका रविवारचा असतो, रोपाची तहान वर्षभराची. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला आणि २०२१ मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लावलेल्या रोपांचे आकडे आणि जगलेली झाडे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच त्याचा धडा.

जे काम सातत्याचे, ते मजुरीचे असावे, हा न्याय महाराष्ट्राला नवा नाही. १९७७ च्या कायद्याने राज्याने रोजगार हमीचे तत्त्व स्वीकारले. १९९० नंतर त्याच योजनेतून कोकणात फळबागा उभ्या राहिल्या. तेथे अनुदान एकरकमी नव्हे, तर तीन वर्षांत, झाडे जगल्याची खात्री पटल्यावर मिळे. खाजगी बागेला लावलेली ही कसोटी सार्वजनिक नदीकाठाला का लावू नये? भूमिहीन स्त्रीला काठावरची झाडे राखण्याची मजुरी मिळाली, तर झाड आणि चूल दोन्ही जगतील. तिचे काम फुकट हातांनी हिरावून घेतले, तर ते समाजकार्य ठरणार नाही.

सामूहिक संपत्तीचा ऱ्हास अटळ नसतो; उपभोग घेणाऱ्यांनीच नियम केले आणि पाळले तर ती टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नदीकाठ शासनाच्या नावावर राहो, पण त्यावरील झाडांची जबाबदारी आणि त्यांच्या फळांचा, वाळलेल्या लाकडाचा हक्क ग्रामसभेकडे असावा. गावाचा वाटा ठरला की गुरे सोडणाऱ्याला अडवणारा माणूस गावातच निर्माण होतो.

अरबी समुद्र तापतो आहे आणि वादळांची तीव्रता वाढते आहे. पुढच्या वादळानंतर कुदळ घेऊन धावणारे तरुण अवश्य लागतील. मात्र ते परतल्यावर काठावर कोण थांबणार, हे वादळापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.