पोटातला पडदा जपा

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे घरीच पोटातून डायलिसिस करणाऱ्या एका भाऊंकडे आम्ही गेल्या महिन्यात गेलो होतो. वहिनी सहज म्हणाल्या, "काल सुकट केली होती. ह्यांचे पाय सुजले, म्हणून जोराची पिशवी लावली. उतरली सूज." वहिनींच्या मते प्रश्न मिटला होता. आम्हाला काळजी वाटली ती तिथेच.

आपल्या पोटाच्या आत, आतड्यांवरून पसरलेला एक पातळ पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. नळीने दोन लिटर औषधाचे पाणी पोटात सोडले की रक्तातली घाण आणि जादा पाणी ह्या पडद्यातून त्यात उतरते. चार-सहा तासांनी ते काढून नवे भरायचे. जादा पाणी ओढून घेण्याचे काम पिशवीतली साखर करते. दीड टक्क्याच्या दोन लिटर पिशवीत 30 ग्रॅम साखर असते, सव्वाचार टक्क्यांच्या पिशवीत 85 ग्रॅम.

हीच साखर वर्षानुवर्षे पडद्याला खाते. पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग साखर भराभर रक्तात शिरते आणि पाणी पोटात ओढले जात नाही. म्हणून आणखी जोराची पिशवी लावायची, आणि पडदा आणखी बिघडवायचा! हा पडदा नवा बसवता येत नाही. तो थकला की आठवड्यातून दोन-तीनदा इस्पितळात यंत्रावर जाणे आले. मग रोजंदारीवरच्या माणसाने खाडे तरी किती करावेत?

तेव्हा राखण चुलीपासूनच करावी लागते. आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवते. दिवसाचे सगळे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी हवे. सुकट, बोंबील, पापड, लोणचे, फरसाण हे सगळे त्यातच धरायचे. सैंधवाने काही फरक पडत नाही. 'कमी सोडियम'चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असते. मात्र धाप लागत असेल, अंग सुजले असेल, तर जोराची पिशवी आपल्या मनाने बंदही करू नये. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

पडद्याचा दुसरा वैरी जंतू. एका खोलीत पाच माणसे राहतात, हे आम्ही जाणतो. तरी पिशवी बदलताना पंखा बंद, दार बंद, मुले बाहेर. तोंडाला मास्क, आणि साबणाने धुऊन कोरडे केलेले हात. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवून पाहावी. अक्षरे धूसर दिसली, पोट दुखू लागले, ताप आला, तर ती पिशवी घेऊन त्याच रात्री इस्पितळ गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

वहिनी आता रोजचे वजन आणि पिशवीचे टक्के वहीत लिहितात. सुकटीचा डबा शेजारी गेला, हे मात्र भाऊंनी जरा खट्टू होऊनच सांगितले.