आमचा अडकित्ता हरवला आहे!

खरं सांगा, ऑफिसच्या वाटेवरचं एखादं म्युझियम तुम्ही आतून पाहिलंय? मीही नव्हतं पाहिलं. पाच वर्षं खराडीला जाता-येता नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आगाखान पॅलेसबाहेर अडकले, पण आत कधी गेले नाही. शेवटी गेल्या रविवारी आईच म्हणाली, ‘‘सारखं काय त्या मॉलमध्ये जायचं? चल, आज मी तुला फिरवते.’’

आगाखान पॅलेस १८९२ चा. कमानी, हिरवळ... फोटोंसाठी एकदम झक्कास! पण १९४२ मध्ये गांधीजींना इथेच कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई देसाई अटकेनंतर सहाच दिवसांत इथे गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. तिथे पोचल्यावर माझा मोबाइल आपोआप पर्समध्ये गेला.

मग गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. साधं, बैठं घर. जोतिरावांनी १८६८ मध्ये आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो इथेच. आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तोंड उघडायला घाबरतो, बॉस!

शेवटी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. शाळेच्या ट्रिपमध्ये पाहिलं होतं, आठवत काहीच नव्हतं. दिवे, दौती, फण्या... आणि अडकित्ते. आई तिथेच थबकली. ‘‘अगं, आपल्याकडे अस्साच होता की!’’

होता. आजीचा वाडा बिल्डरकडे गेला, तेव्हा आवराआवर मीच केली होती. ‘टू बीएचकेत कुठे ठेवायचं हे सगळं?’ म्हणत जुनं पितळ दोन पोती भरून भंगारवाल्याला दिलं. किलोच्या भावाने. आई तेव्हा काही बोलली नव्हती. परवाही नाही बोलली.

‘राजा’ हे केळकरांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी या माणसाने आयुष्यभर गावोगावच्या घरांतून वस्तू गोळा केल्या. २०,००० हून जास्त! आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोकांच्या आज्यांचे अडकित्ते त्यांनी सांभाळले. मी माझ्या आजीचा नाही सांभाळला.

घरी आल्यावर कपाट उपसलं. आजीचा कुंकवाचा करंडा तेवढा सापडला. तो कुठून आला, कुणी दिला, आईला विचारून चिठ्ठीवर लिहिलं आणि आत ठेवलं. आमच्या म्युझियममधली पहिली वस्तू!

पुढच्या रविवारी हुतात्मा राजगुरूंचा वाडा पाहायला राजगुरुनगरला जायचा बेत आहे. तुम्हीही निघा. उघडायची वेळ आधी विचारून घ्या, पायात आरामशीर चपला घाला. आणि हो, आईला बरोबर न्या. कपाटावरच्या पाट्यांवर नसतं ते तिला ठाऊक असतं.