विश्लेषण : अ‍ॅनिमेप्रेमींना ‘वीब’ का म्हणतात? आवड आणि जपानवेड यांतली रेषा नेमकी कुठे?

इन्स्टाग्रामवर कुणी नारुतोसारखी कपाळपट्टी बांधून रील टाकली, बोलता बोलता मध्येच ‘कावाई’ किंवा ‘बाका’ म्हटलं, की कमेंटमध्ये एक शब्द हमखास येतो : ‘वीब’. कुणी तो चिडवायला वापरतं, तर कुणी स्वतःच्या बायोमध्ये अभिमानानं लिहितं.

डोरेमॉन आणि शिनचॅन बघत वाढलेली पिढी आता कॉलेजात आहे, नोकरीला लागली आहे. त्यातल्या अनेकांसाठी जपान हा फक्त कार्टूनचा देश राहिलेला नाही. तिथली भाषा शिकायची, तिथे जायचं, जमलं तर तिथेच स्थायिक व्हायचं असं ठरवणारेही त्यात आहेत. म्हणूनच हा शब्द आला कुठून आणि या वेडात अडचण नेमकी कुठे सुरू होते, हे पाहायला हवं.

हा शब्द आला कुठून?

‘वीब’ हे ‘वीआबू’चं छोटं रूप. २००० नंतरच्या दशकात, स्वतःला जपानी समजणाऱ्या पाश्चात्त्य चाहत्यांना इंग्रजी इंटरनेटवर ‘वापनीज’ म्हणून हिणवलं जायचं. ‘फोरचॅन’ या संकेतस्थळावर या शब्दाचा एवढा मारा सुरू झाला की चालकांनी त्यावर फिल्टर बसवला. ‘वापनीज’ टाइप केलं की त्या जागी आपोआप ‘वीआबू’ उमटायचं. हा शब्द निकोलस गुरेविच यांच्या ‘द पेरी बायबल फेलोशिप’ या वेबकॉमिकमधून उचललेला होता. तिथे त्याला काही अर्थ नव्हता आणि जपानशी त्याचा संबंधही नव्हता. पण टिंगल थांबवायला आणलेला हा शब्दच पुढे टिंगलीचा शब्द बनला.

जपानी भाषेत याच्या जवळचा शब्द आहे ‘ओताकू’. त्याचा मूळ अर्थ ‘आपलं घर’, आणि त्यावरून समोरच्याला आदरानं ‘आपण’ म्हणण्यासाठीही तो वापरतात. १९८३ मध्ये नाकामोरी आकिओ या लेखकानं एका मासिकात मांगा आणि अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची खिल्ली उडवताना तो वापरला, कारण हे चाहते एकमेकांनाही असं औपचारिक ‘आपण’ म्हणत. १९८९ मध्ये चार लहान मुलींच्या खुनांप्रकरणी एका तरुणाला अटक झाली. त्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचा ढीग सापडला आणि माध्यमांनी त्याला ‘ओताकू खुनी’ ठरवलं. त्यानंतर बरीच वर्षं जपानमध्ये हा शब्द संशयानं घेतला जात होता.

म्हणजे बाहेरचे चाहते ज्याला ‘खरा जपान’ समजतात, त्या जगाकडे खुद्द जपानी समाज बराच काळ नाक मुरडून बघत होता.

दोन्ही शब्दांत एक फरक मात्र आहे. ओताकू एखाद्या विषयाचा वेडा असतो, मग ते अ‍ॅनिमे असो, रेल्वे असो की कॅमेरे. वीब हा एका अख्ख्या देशाचा वेडा असतो, आणि तो देश त्यानं बहुतेक वेळा फक्त पडद्यावर पाहिलेला असतो.

हे वेड नवं आहे का?

अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जपाननं पाश्चात्त्य व्यापारासाठी दारं उघडली आणि युरोपात जपानी चित्रं, पंखे, किमोनो यांची लाट आली. १८७२ मध्ये फ्रेंच समीक्षक फिलिप बुर्ती यांनी या लाटेला ‘जापोनिझम’ असं नावही दिलं. १८७६ मध्ये क्लोद मोने यांनी पत्नी कामीय हिला लाल किमोनो नेसवून आणि सोनेरी केसांचा टोप घालून तिचं चित्र काढलं. आजच्या भाषेत तो कॉस्प्लेच होता.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी शेकडो जपानी छापील चित्रं जमवली होती. १८८८ मध्ये ते दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेले, तेव्हा तिथल्या उन्हात आणि रंगांत त्यांना जपान दिसत होता. प्रत्यक्ष जपानला ते आयुष्यात कधीच गेले नाहीत. पुढच्याच वर्षी ऑस्कर वाइल्ड यांनी एका लेखात या सगळ्या हौसेची थट्टा केली. चित्रांतला जपान हा कलाकारांनी रचलेला आहे, तसा देश प्रत्यक्षात कुठेच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आज वीबवर जी टीका होते, तिचा गाभा हाच आहे.

जपान सरकारचा यात वाटा किती?

बराच आहे. २००२ मध्ये अमेरिकी पत्रकार डग्लस मॅकग्रे यांनी एका गाजलेल्या लेखात मांडलं की जपानची अर्थव्यवस्था थंडावली असली, तरी त्याचा सांस्कृतिक दबदबा वाढतो आहे. टोकियोतल्या धोरणकर्त्यांनी हा धागा पकडला. २००८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं चक्क डोरेमॉनला ‘अ‍ॅनिमे राजदूत’ नेमलं. २०१३ मध्ये सरकारी पैशातून ‘कूल जपान फंड’ उभा राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात पंतप्रधान शिंझो आबे सुपर मारिओच्या वेशात अवतरले.

या धोरणामागे आर्थिक गणित आहे. जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये अ‍ॅनिमेची एकूण बाजारपेठ सुमारे ३.३ लाख कोटी येनची होती आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा परदेशातून आला. २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटक जपानला गेले.

तेव्हा चाहत्यांच्या डोक्यात जपानचं जे गोड चित्र आहे, ते सगळं त्यांनी स्वतःच रंगवलेलं नाही. एका देशानं विचारपूर्वक त्याची विक्री केली आहे.

मग आवड कुठे संपते आणि वेड कुठे सुरू होतं?

खोलीभर पोस्टर्स, रात्रभर जागून मालिका बघणं, कॉस्प्ले करणं ही सगळी आवडच आहे. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. खटका उडतो तो दुसऱ्या ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे भाषा. अ‍ॅनिमेतली पात्रं स्वतःला रांगडं ‘ओरे’ म्हणतात, समोरच्याला ‘तेमे’ किंवा ‘किसामा’ म्हणतात. प्रत्यक्षात कामाच्या ठिकाणी ‘ओरे’ उद्धट वाटतं, आणि ‘तेमे’ व ‘किसामा’ तर सरळ शिव्यांच्या जवळ जातात. एखाद्या परदेशी माणसानं मराठी फक्त टपोरी संवादांवरून शिकावी आणि नोकरीच्या मुलाखतीत साहेबांना ‘काय रे’ म्हणावं, तसा हा प्रकार. स्वतःच्या नावापुढे ‘सान’ लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. मराठीत कुणी स्वतःची ओळख ‘मी राहुलराव’ अशी करून दिली तर जसं वाटेल, तसंच ते तिथे वाटतं.

दुसरी जागा म्हणजे तिथली माणसं. ‘स्लॅम डंक’मध्ये दिसणारं कामाकुरातलं रेल्वे फाटक आज एवढं गजबजलेलं असतं की रहिवाशांना त्याचा त्रास होतो. क्योटोच्या गिओन भागात पर्यटक माइको आणि गेइको यांचा पाठलाग करून फोटो काढू लागले. तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत विनापरवानगी फोटोंवर बंदी आली, १० हजार येन दंडाचे फलक लागले. २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच झाल्या. हे सगळे पर्यटक अ‍ॅनिमेचे चाहते नसतात, पण वृत्ती तीच असते. कामाला निघालेली बाई त्यांना बाई म्हणून दिसत नाही, एक पात्र म्हणून दिसते.

तिसरी जागा म्हणजे स्वतःचं घर. ‘आपल्याकडे काहीच नाही, जे आहे ते जपानमध्ये’ हे वाक्य वरवर कौतुकाचं असलं तरी त्यात आपल्या माणसांविषयीचा तुच्छभाव जास्त असतो.

पडद्यामागचा जपान कसा आहे?

जास्त कामामुळे येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘कारोशी’ हा स्वतंत्र शब्द आहे. तो रोखण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला आणि २०१९ पासून ओव्हरटाइमवर कायदेशीर मर्यादा आली. सरकारी सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार समाजापासून तुटून घरात कोंडून घेतलेल्यांची, म्हणजे ‘हिकिकोमोरीं’ची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार आहे. खुद्द अ‍ॅनिमे बनवणाऱ्यांचा कमी पगार आणि कामाचे प्रचंड तास यावर संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटानं २०२४ च्या अहवालात बोट ठेवलं.

परदेशी माणसासाठी आणखी एक भिंत आहे. जपानच्या न्याय मंत्रालयाच्या सर्वेक्षणाचे निकाल २०१७ मध्ये आले. घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी जवळपास ४० टक्के लोकांना परदेशी असल्यामुळे नकार मिळाला होता. जुलै २०२५ मधल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘आधी जपानी’ अशी घोषणा देणाऱ्या सानसेइतो पक्षानं १४ जागा जिंकल्या.

गंमत अशी की यातलं बरंच काही अ‍ॅनिमेतही आहे. ‘अ सायलेंट व्हॉइस’ शाळेतल्या छळाबद्दल आहे, ‘वेलकम टू द एनएचके’ हिकिकोमोरीबद्दल, तर ‘शिरोबाको’ अ‍ॅनिमे उद्योगातल्या धावपळीबद्दल. खरा जपान पडद्यावरही दिसतो, बघणाऱ्याला तो बघायचा असेल तर.

वीब फक्त अ‍ॅनिमेवालेच असतात का?

अ‍ॅनिमे बघणाऱ्या पोरांना हसणारी मोठी माणसं फॅमिली ग्रुपवर काय फॉरवर्ड करतात, तेही पाहायला हवं. होक्काइदोत एकाच शाळकरी मुलीसाठी रेल्वे स्टेशन चालू ठेवलं, ही पोस्ट २०१६ पासून फिरते आहे. प्रत्यक्षात प्रवासी घटल्यामुळे त्या मार्गावरची तीन लहान स्थानकं मार्च २०१६ मध्ये एकाच वेळी बंद झाली. पोस्टमध्ये नाव होतं कामी-शिराताकी स्थानकाचं, तर बातमीतली विद्यार्थिनी क्यू-शिराताकी या दुसऱ्याच स्थानकावरून ये-जा करायची.

‘इकिगाई’चंही तसंच. मराठीत अनुवादित झालेलं हे लोकप्रिय पुस्तक दोन लेखकांचं आहे, एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरायेस. दोघंही स्पेनचे. इकिगाई म्हणून फिरणारी ती चार वर्तुळांची आकृतीही जपानी नाही. मूळ आकृती आंद्रेस सुसुनागा यांची. २०१४ मध्ये मार्क विन यांनी तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ हा शब्द टाकला.

एक पिढी जपानला जादूचा देश मानते, तर दुसरी शिस्तीचा. दोघांच्याही जपानमध्ये साधी, थकलेली, चुकणारी माणसं दिसत नाहीत.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

पुण्यात जपानी भाषा शिकवण्याची परंपरा जुनी आहे. एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांची जेएलपीटी परीक्षा तिथे होते. या वर्गांत आयटीवाले असतात आणि अ‍ॅनिमेमुळे आलेली मुलंही असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं लक्ष्य ठरवलं. त्यात भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जपानला जाणं अपेक्षित आहे. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे ५४ हजार भारतीय राहत होते. हे पाहिलं तर लक्ष्य किती मोठं आहे ते कळतं.

इथे प्रश्न हौसेपुरता उरत नाही. वृद्धसेवा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांसाठीच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षंच राहता येतं आणि कुटुंबाला सोबत नेता येत नाही. क्लासची फी आणि प्रवासाचा खर्च यासाठी घरचे कर्ज काढणार असतील, तर मुलानं मालिकेतला जपान डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घ्यायचा की व्हिसाच्या अटींमधला, यावर पुढची कितीतरी वर्षं ठरणार असतात.

वेडातून चांगलं काही निघतं का?

निघतं, आणि त्याची मोठी उदाहरणं आहेत. डोनाल्ड कीन या अमेरिकी तरुणानं १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘गेंजी’ या जपानी कादंबरीचा अनुवाद विकत घेतला. त्या पुस्तकातून लागलेल्या ओढीनं ते जपानी साहित्याचे जगातले मोठे अभ्यासक झाले. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक परदेशी लोक जपान सोडून जात होते. कीन यांनी त्याच वेळी तिथे कायमचं राहायचं ठरवलं आणि २०१२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, जपानचं नागरिकत्व घेतलं.

महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले.

या दोघांना जपान आवडत होता, पण ते त्या आवडीपाशी थांबले नाहीत. त्यांनी भाषा नीट शिकून घेतली आणि तिथल्या लोकांच्या अडचणी आपल्या मानल्या.

त्यामुळे घरातला मुलगा किंवा मुलगी दिवसभर अ‍ॅनिमे बघत असेल, तर ‘वीब’ म्हणून हिणवून काही साधत नाही. ते जग टिंगलीनं सुटत नाही, उलट मूल त्यात आणखी आत शिरतं. त्यापेक्षा जपानी भाषेचा एक चांगला वर्ग, तिथे राहून आलेल्या कुणाशी तासभर गप्पा आणि व्हिसाच्या अटी एकत्र बसून वाचणं जास्त उपयोगाचं. एवढं करूनही जपान आवडत राहिला, तर ती आवड पक्की समजायला हरकत नाही.