लाल पेपरने स्पिरुलिना डबल होत नाही

स्पिरुलिनाची टाकी घालायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात आता ‘उजेड बदलणारा’ लाल-गुलाबी पेपरही मारला जातोय. वर ताणा, उत्पादन डबल! माझं सरळ म्हणणं आहे, पुरावा दाखवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

यात दोन वेगळे माल एकाच नावाने खपतात. साधा रंगीत पेपर लाल उजेड आत सोडतो आणि बाकीचा अडवतो. म्हणजे उजेड वाढत नाही, कमीच होतो. दुसरा पेपर हिरवा उजेड शोषून लाल करून सोडतो. त्यामागचं शास्त्र खरं आहे. स्पिरुलिनातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-लाल उजेड चांगला ओढतं. पण पेपरमधून निघालेला लाल उजेड सगळ्या दिशांना जातो, बराचसा वर आणि कडेला वाया. शिवाय असे रंग उन्हात विटतात. किती महिने टिकणार, लिहून मागा.

आता आपल्याकडचं बघा. एप्रिलच्या दुपारी शिरूर-दौंडला उजेड कमी पडतो का हो? वरच्या थराला झेपत नाही एवढं ऊन, अन् दाट टाकीच्या तळाशी अंधार. तिथं रंग नाही, ढवळणं लागतं. टाकी न हलवता पेपर बदलणं म्हणजे मोटार जळालेली असताना ठिबकच्या नळ्या बदलणं.

थंडीत अडचण वेगळी. स्पिरुलिनाला पाणी ३५ अंशांच्या आसपास मानवतं. जानेवारीत सकाळी टाकी गारठलेली असते, त्यात कडक ऊन पडलं की तेच ऊन तिला बाधतं. तिथं ऊब धरणारा पॉलिहाऊसचा साधा पेपर आधी कामाला येतो.

विकणाऱ्याला सांगा, शेजारी-शेजारी दोन टाक्या दाखव. एकीवर तुझा पेपर, दुसरीवर साधा. बियाणं, पाण्याची खोली, खत, ढवळणं सारखं. दर आठवड्याला चौरस मीटरमागे वाळलेल्या मालाचं वजन. हिवाळा अन् उन्हाळा, दोन्ही. ऊस काट्यावर मोजतो ना आपण? मग हेही काट्यावरच.

कृषी सल्लागारांनाही विनंती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीचा आकडा आमच्या उघड्या टाकीला लावू नका. बाटलीला ना वारा, ना धूळ, ना जानेवारीची पहाट.

कुणाकडे दोन टाक्यांचे खरे आकडे असतील तर पाठवा. पेपर जिंकला, तर तेही इथंच लिहीन.