योगदिन एक, खुर्ची रोजची

दरवर्षी २१ जून रोजी कार्यालयांच्या आवारात सतरंज्या अंथरल्या जातात, आसने होतात, छायाचित्रे निघतात. आणि २२ जूनपासून तोच कर्मचारीवर्ग पुन्हा आठ-नऊ तास खुर्चीला जखडला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी योगदिनाचा ठराव संमत केला, तो एका सकाळच्या उपचारासाठी खचितच नव्हे.

संगणकाकडे झुकलेली मान, पुढे ओघळलेले खांदे आणि सदैव दुमडलेले गुडघे ही आजच्या नोकरदाराची ओळख बनली आहे. शरीराला दीर्घकाळ ज्या स्थितीत ठेवावे, तीच त्याच्या अंगवळणी पडते. मग खाली पडलेली लेखणी उचलणेही जड जाते.

उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. खुर्चीच्या कडेशी ताठ बसून एक पाय समोर लांबवावा, टाच जमिनीवर टेकवावी व पाठ न वाकवता किंचित पुढे झुकावे. बोटे गुंफून हात डोक्यावर ताणावेत. कान खांद्याकडे न्यावा. खुर्चीची पाठ धरून दोन्ही बाजूंस वळावे. प्रत्येक स्थिती वीस-तीस सेकंद, श्वास न कोंडता आणि झटका न देता. ताण जाणवावा, वेदना नव्हे. हातापायांत मुंग्या येत असतील, तर आधी वैद्यकीय सल्ला घेणेच इष्ट. लवचीकता काही आठवड्यांच्या सातत्याने येते, उत्साहाच्या एका झटक्याने नव्हे.

आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी ‘वाय-ब्रेक’ हा पाच मिनिटांचा योगक्रम उपलब्ध करून दिला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्चीलाच योगसाधनेचे साधन बनवले. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, वृत्तीची आहे. चहासाठी अर्धा तास बाहेर रेंगाळणारा कोणाला खटकत नाही. जागेवर उभा राहून हात ताणणारा मात्र रिकामटेकडा ठरतो. ही नजर बदलायची, तर साहेबांनीच प्रथम खुर्ची सोडून उभे राहिले पाहिजे.

अर्थात, ही पाच मिनिटे चालण्या-धावण्याला पर्याय नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. परंतु ज्याला जागच्या जागी पाच मिनिटे काढता येत नाहीत, तो १५० मिनिटे कोठून काढणार? प्रारंभ समोरच्या मेजापासूनच व्हावा.